मुलांचा तोल : वजन, वाढ आणि मुलगा-मुलगी हा भेद

उभे राहण्यात विशेष ते काय, असे कोणालाही वाटेल. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन पायांवर उभे राहणे हे मोठे गुंतागुंतीचे काम आहे. शाळेच्या पटांगणावर रांगेत सावधान स्थितीत उभा असलेला विद्यार्थी प्रत्यक्षात स्तब्ध नसतोच. त्याचे शरीर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सतत किंचित डोलत असते. डोलणे वाढू लागले की पोटरीचे व घोट्याभोवतीचे स्नायू आखडतात, शरीराला पुन्हा मध्यावर आणतात. पुन्हा ते कलते, पुन्हा सावरले जाते. हा खेळ जागेपणी अखंड चाललेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ज्याला आपण 'तोल' म्हणतो तो म्हणजे ही अखंड सावरासावर होय.

प्रस्तुत लेखात शाळकरी वयातील, म्हणजे साधारणपणे ६ ते १६ वर्षांच्या मुलामुलींच्या तोलाचा विचार केला आहे. मुलाचे वजन कमी-जास्त असले तर तोलावर काय परिणाम होतो आणि मुलगा व मुलगी यांच्या तोलात खरोखर काही फरक असतो काय, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. विषय वरवर किरकोळ वाटतो. पण 'हा जाड्या आहे, याला संघात नको' आणि 'आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस' ही दोन वाक्ये ज्या मुलांनी ऐकली आहेत, त्यांना तो किरकोळ वाटणार नाही.

प्रथम तोल कसा साधला जातो ते पाहू. मेंदूला शरीराच्या स्थितीची बातमी तीन वाटांनी मिळते. पहिली वाट डोळ्यांची. भिंत, खांब, क्षितिज यांच्याकडे पाहून आपण सरळ आहोत की कललो आहोत हे कळते. दुसरी वाट अंतर्कर्णाची. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो; डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण्याची जाणीव होते. त्यांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात, त्या डोक्याचा कल आणि सरळ रेषेतील हालचाल सांगतात. तिसरी वाट स्नायू, सांधे आणि तळपाय यांची. घोटा किती वाकला आहे, टाचेवर जास्त भार आहे की चवड्यावर, ही बातमी तेथून मज्जारज्जूमार्गे वर जाते. या तिन्ही बातम्यांचा मेळ मेंदूचा खालचा भाग व लहान मेंदू घालतात आणि स्नायूंना हुकूम सुटतो.

फुगडी खेळून थांबल्यावर सारे घर फिरताना दिसते, याचे कारण आता लक्षात येईल. आपण थांबतो, पण नलिकांतला द्रव थांबत नाही. तो आणखी काही क्षण वाहत राहतो. कान सांगतो 'फिरतो आहेस' आणि पाय सांगतात 'थांबला आहेस'. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि न्यायाधीश गोंधळतो, तसे हे आहे. पुष्कळ फुगड्या खेळणाऱ्या मुलीला ही चक्कर हळूहळू कमी येऊ लागते, कारण मेंदू या विसंगतीला सरावतो.

या तीन वाटांपैकी एक बंद केली की बाकीच्या दोन किती तयारीच्या आहेत ते समजते. एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहावे. चांगल्या चांगल्यांची तारांबळ उडते. डोळे मिटवून रुग्णाला उभे करण्याची ही युक्ती जर्मन वैद्य रोम्बर्ग यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकात रूढ आहे आणि आजही डॉक्टर मज्जासंस्थेच्या तपासणीत ती वापरतात.

मूल जन्मते तेव्हा या तिन्ही वाटा काही एकदम पक्क्या नसतात. शिवाय मुलाच्या शरीराची ठेवणच तोलाला प्रतिकूल असते. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथ्या भागाइतके असते. प्रौढ माणसात ते साडेसाताव्या भागाच्या आसपास असते. वरचा भाग असा जड असल्यामुळे लहान मुलाचा गुरुत्वमध्य उंचीच्या मानाने वर असतो. मुले डोक्यावर आपटतात त्याचे हे एक कारण आहे. पुढे पाय लांब होतात, गुरुत्वमध्य तुलनेने खाली येतो आणि मज्जासंस्थाही पक्व होते. तीन वर्षांचे मूल एका पायावर जेमतेम एक-दोन क्षण टिकते, पाच-सहा वर्षांचे सुमारे दहा सेकंद उभे राहू शकते.

परंतु ही प्रगती सरळ चढत जाणारी नाही. अमेरिकेतील ॲन शमवे-कुक आणि मार्जोरी वुलाकॉट यांनी १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हलत्या फळीवर मुलांना उभे करून फळी अचानक सरकवली की त्यांचे स्नायू कसा प्रतिसाद देतात, हे त्यांनी पाहिले. चार ते सहा वर्षांच्या मुलांचे प्रतिसाद त्यांच्याहून लहान मुलांपेक्षाही मंद आणि अनियमित आढळले. सात ते दहा वर्षांच्या मुलांचे प्रतिसाद मात्र जवळजवळ प्रौढांसारखे होते. म्हणजे चार ते सहा या वयात मेंदू जुनी पद्धत सोडून नवी पद्धत बसवत असतो. घराची दुरुस्ती चालू असताना काही दिवस घर राहायला गैरसोयीचे होते, तसा हा काळ. या वयातल्या मुलाला 'धडपड्या' म्हणून रागावणे अन्यायाचे आहे. पाय व सांधे यांच्याकडून येणारी बातमी वापरणे मुले लवकर शिकतात. अंतर्कर्णाच्या बातमीवर पूर्ण विसंबण्याची क्षमता मात्र बऱ्याच उशिरा, किशोरवयात जाऊन पक्की होते.

आता वजनाकडे वळू.

उभ्या माणसाला शास्त्रज्ञ उलट्या लंबकाची उपमा देतात. घड्याळाचा लंबक वर टांगलेला असतो, तो कलला तर आपोआप मध्यावर येतो. उलटा लंबक खाली, घोट्याशी टेकलेला असतो. तो कलला की आणखी कलतच जातो. त्याला पाडू पाहणारा जोर वजनावर आणि कलण्याच्या अंतरावर अवलंबून असतो. समान उंचीची दोन मुले घ्या, एक ३० किलोचे आणि दुसरे ४५ किलोचे. दोघेही दोन सेंटिमीटर पुढे कलले, तर दुसऱ्या मुलाच्या घोट्याला दीडपट जोर लावून शरीर सावरावे लागते. जास्त वजन वाहून वाहून त्याच्या पायांचे स्नायू काहीसे बळकट होतात हे खरे, पण ते वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत. आणि तळपायाची लांबी-रुंदी, म्हणजे ज्यावर हा सारा डोलारा उभा आहे ते आधारक्षेत्र, चरबीबरोबर दीडपट होत नाही. त्यातून चरबी पोटावर असेल तर गुरुत्वमध्य पुढे सरकतो, चवड्याच्या बाजूला. कड्याच्या टोकाजवळ उभे राहिल्यासारखे ते होते. सावरायला जागा कमी उरते.

जड वस्तू हलवायला कठीण म्हणून ती अधिक स्थिर, असा युक्तिवाद कोणी करील. धक्का लागला तर जड मूल सुरुवातीला कमी हलते, हे बरोबर आहे. कबड्डीत भारी गडी ढकलला जात नाही, हे आपण पाहतोच. पण एकदा हलू लागल्यावर त्याला थांबवणेही तितकेच कठीण असते आणि पडणे टळते ते थांबवण्याच्या ताकदीवर.

यासंबंधी प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. पायाखाली भार मोजणारी पट्टी ठेवून डोलण्याची नोंद घेता येते. कॅनडात २००७ साली ५९ प्रौढ पुरुषांवर केलेल्या अभ्यासात, कोण किती वेगाने डोलतो यातल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ शरीराच्या वजनाने समजावता येतो, असे आढळले. त्याच देशात त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली : लठ्ठ पुरुषांनी वजन कमी केल्यावर त्यांची स्थिरता वाढली. मुलांच्या बाबतीत अमेरिकेत २००० साली आठ ते दहा वर्षांच्या लठ्ठ व सर्वसाधारण वजनाच्या मुलग्यांची तुलना झाली. लठ्ठ मुलगे अधिक डोलत होते, विशेषतः डावी-उजवीकडे. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दोष मज्जासंस्थेत दिसत नाही, तो वाढीव वजनाचा परिणाम दिसतो, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर न्यूझीलंडमध्ये २००३ साली आणि बेल्जियममध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही जास्त वजनाचे मुलगे तोलाच्या कसोट्यांत मागे पडले. दोन्ही पायांवर नुसते उभे राहण्यात फारसे बिघडत नाही. एका पायावर उभे राहणे, अरुंद पट्टीवरून चालणे, अशा ठिकाणी फरक उघडा पडतो.

येथे चौकस विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न यायला हवा. हे तिन्ही अभ्यास मुलग्यांवर झाले. मग लठ्ठ मुलीचे काय? मुलगे एकजिनसी गट म्हणून सोयीचे पडतात, वयात येण्याच्या फरकाची भानगड टळते, हे संशोधकांचे कारण समजण्यासारखे आहे. पण गाजलेले आकडे मुलग्यांचे आणि सल्ला मात्र सर्वांना, ही पद्धत वैद्यकात जुनी आहे आणि ती डोळे उघडे ठेवून वाचावी.

वजनाचा परिणाम हाडांपर्यंतही पोचतो. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळ हाड मोडते. जड मुलाच्या बाबतीत पडण्याचा संभव अधिक आणि पडल्यावर मनगटावर येणारा भारही अधिक. शिवाय वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड लांब होते, पण त्यात खनिजे भरण्याचे काम थोडे मागे राहते. म्हणून मनगटाच्या हाडमोडीचे प्रमाण मुलींत साधारण ११-१२ आणि मुलग्यांत १३-१४ व्या वर्षी सर्वाधिक असते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र हाडमोडीचे नव्हे. ते एका फेऱ्याचे आहे. मूल जाड आहे म्हणून लंगडीत, खो-खोत लवकर बाद होते. लवकर बाद होते म्हणून संघात शेवटी घेतले जाते. मुले हसतात. मग तेच मूल 'पाय दुखतो' म्हणून कडेला बसू लागते. कडेला बसल्यामुळे तोलाचा सराव होत नाही, वजन वाढते आणि पुढच्या वर्षी ते आणखी मागे पडते. तोल ही बऱ्याच अंशी सरावाने येणारी गोष्ट आहे आणि ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच आपण मैदानाबाहेर बसवतो. हे शिक्षकांनी आणि सवंगड्यांनीही ध्यानात घ्यावे. वर सांगितलेल्या अमेरिकन निष्कर्षाचा अर्थ तोच आहे. त्या मुलाची यंत्रणा शाबूत आहे, तिच्यावर भार अधिक आहे इतकेच.

लठ्ठपणा हा श्रीमंत देशांचा आणि शहरी घरांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. परंतु आपल्याकडचे चित्र दुहेरी आहे. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची सुमारे २३ टक्के मुले आणि १० ते १९ वर्षांची सुमारे २४ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. जादा वजनाचे प्रमाण अनुक्रमे ४ व ५ टक्के होते. म्हणजे एका जाड मुलामागे पाच-सहा कृश मुले आहेत.

कृश मुलाचा लंबक हलका असतो, तेव्हा त्याचा तोल उत्तम असला पाहिजे, असे गणित कोणी मांडील. ते फसते, कारण सावरायला लागणारे स्नायूच तुटपुंजे असतात. लहानपणी दीर्घकाळ कुपोषण झालेल्या मुलाचा चालण्या-धावण्याचा विकास मागे पडतो. रक्तक्षय असेल तर लवकर दम लागतो, चक्कर येते, लक्ष लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि त्याच वयाच्या मुलग्यांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. वर्गात उभ्या उभ्या मुली कोसळतात तेव्हा 'उपाशी आली असेल' म्हणून आपण पाणी मारतो आणि विसरतो. रक्ताची साधी तपासणी करून घेणे हे त्यापेक्षा उपयोगाचे.

नुसता वजनकाटा सारे सांगत नाही, हेही खरे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बालकांचा जो अभ्यास १९९३ पासून केला, त्यात तेथील बालके सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधल्या बालकांपेक्षा पुष्कळ हलकी आढळली. पण त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी आपल्याकडची ही ठेवण आहे. याच कारणाने भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली मुलांसाठी जे वाढीचे तक्ते दिले, त्यांत जादा वजनाची मर्यादा प्रौढांच्या २३ या निर्देशांकाशी जोडली. पाश्चात्त्य हिशेबात ती २५ आहे. वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, असा हा निर्देशांक काढतात. मुलांसाठी एकच आकडा चालत नाही. वय आणि मुलगा की मुलगी, यानुसार तक्ता वेगळा पाहावा लागतो.

आता दुसरा प्रश्न. मुलगा आणि मुलगी यांत कोणाचा तोल चांगला?

साधारणपणे दहा वर्षांखालील मुलामुलींना स्वस्थ उभे करून मोजले असता मुली सरासरीने कमी डोलतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. काहींत फरक आढळला नाही. याची कारणे दोन प्रकारची सांगतात. एक, मुलींची मज्जासंस्था थोडी लवकर पक्व होते. दुसरे अधिक साधे आहे : या वयात 'हलू नकोस' म्हटल्यावर मुलगी न हलता उभी राहते, मुलगा इकडेतिकडे पाहतो, हात हलवतो. म्हणजे मोजणीत तोलाबरोबर स्वभाव आणि शिस्तही येऊन मिसळते. पुढे किशोरवयात हा फरक पुसट होतो. उडी, वेग, जोर यांचा संबंध असलेल्या कसोट्यांत वयात आलेले मुलगे स्नायूंच्या जोरावर पुढे जातात. शांत उभे राहण्यात मुली बरोबरीने किंवा सरस राहतात.

वयात येण्याचा काळ दोघांनाही थोडा अवघड जातो. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती ११-१२ व्या वर्षी, मुलग्यांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. काही महिन्यांत पाय लांब होतात आणि मेंदूतला जुना हिशेब चुकू लागतो. कालपर्यंत चपळ असलेला मुलगा आज दाराच्या चौकटीला धडकतो, हातून पेले पडतात. हिशेब पुन्हा बसला की हे थांबते. मुलींच्या कमरेचा घेर रुंदावतो व गुरुत्वमध्य किंचित खाली येतो, हे स्थिरतेला उपकारक आहे. मात्र त्यांचे सांधे सरासरीने अधिक लवचीक असतात आणि उडी मारून उतरताना गुडघा आत वळण्याची प्रवृत्ती असते. परिणामी धावण्या-उड्यांच्या खेळांत किशोरवयीन मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा मुलग्यांपेक्षा अनेक पटींनी होते. यावर उपाय मुलींना खेळू न देणे हा नव्हे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने मुलांसाठी एका पायावर तोल, उडी, पडण्याचे तंत्र असा पंधरा-वीस मिनिटांचा व्यायामक्रम बसवला. युरोपातील चार देशांत ७ ते १३ वर्षांच्या हजारो मुलामुलींवर तो वापरून पाहिला, तेव्हा इजा सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

आणि हे सगळे फरक सरासरीचे आहेत, हे विसरू नये. एका वर्गातल्या दोन मुलींत जो फरक असतो, तो मुलगे व मुली यांच्या सरासरीतील फरकापेक्षा पुष्कळ मोठा असतो. मुलगी आहे एवढ्यावरून तिच्या तोलाबद्दल काहीच भाकीत करता येत नाही.

निसर्गाने मुलींना सुरुवातीला थोडे झुकते माप दिले, ते पुढे कोठे जाते? मला वाटते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्रयोगशाळेत नाही. चौथी-पाचवीपर्यंत लंगडी, ठिकरी, दोरीवरच्या उड्या यांत मुली आघाडीवर असतात. सातवी-आठवीत पोचल्या की त्या मैदानातून दिसेनाशा होतात. घरी पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, शाळेत स्वच्छतागृहाची अडचण, पाळीविषयीचा संकोच, आणि 'लोक काय म्हणतील'. ज्या वयात उंची वाढून शरीराला नवा सराव हवा असतो, नेमक्या त्याच वयात सराव तुटतो. त्याच वेळी मुलगे क्रिकेटच्या मागे दुपार घालवत असतात. पुढे दोघांच्या चपळाईत जो फरक दिसतो, तो सगळा निसर्गाच्या नावावर लिहून आपण मोकळे होतो.

दप्तराविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मुलाच्या वजनात रोज सकाळी भर घालणारी ही वस्तू आहे. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. त्यापूर्वी १९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला होता. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये, पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो अशी मर्यादा दिली आहे. पाठीवर ओझे आले की गुरुत्वमध्य मागे जातो, मूल पुढे वाकून त्याची भरपाई करते. एका खांद्यावर टाकले तर शरीर बाजूला झुकते. जिन्यावरून उतरताना याचा त्रास सर्वाधिक. २० किलोच्या कृश मुलाला ४ किलोचे दप्तर म्हणजे त्याच्या वजनाच्या पाचवा हिस्सा. तेच ४० किलोच्या मुलाला दहावा. सर्वांना एकाच मापाचे ओझे देण्यातला अन्याय येथे आकड्यांत दिसतो.

तोलाची कसोटी घ्यायला यंत्र लागत नाही. 'खेलो इंडिया'च्या शालेय तपासणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी फ्लेमिंगो नावाची कसोटी ठेवली आहे. ती मूळ युरोपातली. ५० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच व ३ सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टीवर एका पायाने उभे राहायचे, दुसरा पाय मागे दुमडून हाताने धरायचा आणि एका मिनिटात किती वेळा तोल गेला ते मोजायचे. एका पायावर उभ्या राहणाऱ्या रोहित पक्ष्यावरून हे नाव पडले. पट्टी नसेल तर सपाट जमिनीवर अनवाणी, हात कमरेवर ठेवून एका पायावर उभे करावे व सेकंद मोजावेत. तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम धरावा, दोन्ही पायांचा वेगळा लिहावा. मोठ्या मुलांना नंतर डोळे मिटून करायला सांगावे. अशा वेळी शेजारी कोणीतरी सावध उभे असावे. नोंद मुलाच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी ताडावी, शेजाऱ्याच्या नव्हे. आणि वजन-उंची घेताना आकडा मोठ्याने पुकारण्याची जी वाईट पद्धत अनेक शाळांत आहे, ती बंद करावी.

सरावासाठी आपल्या अंगणातले खेळच पुरे आहेत. लंगडी हा तर एका पायावरील हलत्या तोलाचा संपूर्ण व्यायाम आहे. घोटा, गुडघा, कंबर सर्व कामाला लागते. ठिकरीत एका पायावर वाकून वस्तू उचलावी लागते, हे आणखी अवघड. मल्लखांब तर पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणलेली आपली स्वतःची विद्या. त्यात स्वतःचे वजन स्वतःच पेलायचे असते. पण जड मुलाला सुरुवात तेथून करायला लावू नये. त्याने प्रथम भिंतीला एक हात टेकून एका पायावर उभे राहावे, खडूच्या रेषेवर टाच-चवडा जोडून चालावे, मग हात सोडावा. लंगडीत त्याला सुरुवातीला लहान मैदान द्यावे. रोज दात घासताना एक मिनिट उजव्या आणि एक मिनिट डाव्या पायावर उभे राहणे, यासाठी तर वेगळा वेळही काढावा लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणे घातक आहे. तळलेले, पाकिटातले आणि गोड पेये कमी करून भाकरी, डाळ, उसळ, अंडे, भाजी पोटभर द्यावी. उंची वाढत असताना वजन नुसते स्थिर राहिले, तरी पुष्कळ साधते.

काही मुलांचे पडणे मात्र वजनाचे नसते, सरावाचेही नसते. कान वारंवार वाहणे, कानाच्या पडद्यामागे पाणी साचणे यानेही तोल बिघडतो. ऐकू कमी येते की काय तेही पाहावे. डोळ्यांचा नंबर तपासावा. आधी चांगले चालणारे मूल अचानक झिंगल्यासारखे चालू लागले, सोबत डोकेदुखी किंवा सकाळच्या उलट्या असल्या, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये.

आणि एक आजार असा आहे, जेथे मुलगा असणे याचाच संबंध येतो. ड्यूशेन या नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार जवळजवळ केवळ मुलग्यांना होतो, कारण त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलीकडे दुसरे एक्स गुणसूत्र असल्याने ती बहुधा वाचते, मात्र पुढच्या पिढीकडे तो दोष नेऊ शकते. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला हा आजार असतो. दोन ते पाच वर्षांचा असताना मुलगा वारंवार पडू लागतो, जिना चढताना कठडा धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो. त्याच्या पोटऱ्या जाड दिसतात आणि घरच्यांना वाटते, पोर अंगाने भरले आहे. ती जाडी बळाची नसते. स्नायूंची जागा चरबी व तंतूंनी घेतलेली असते. रक्ताच्या एका तपासणीने संशय पक्का होतो, पुढे जनुकीय चाचणीने निदान होते. आजार समूळ बरा होत नाही, पण लवकर कळल्यास औषधांनी व व्यायामोपचाराने चालण्याची वर्षे वाढवता येतात आणि कुटुंबाला पुढच्या अपत्याबाबत सल्लाही घेता येतो. पहिलीच्या वर्गात शिरताना उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा अडखळणारा मुलगा दिसला, तर शिक्षकांनी त्याला एकदा जमिनीवर बसवून उठायला सांगावे आणि तो कसा उठतो ते नीट पाहावे.